पेन्सिलबाईंची साडेतीन कोरी पानं

सभागृहाच्या इमारतीत पेन्सिलबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला माहीत होतं. दारावरचा पहारेकरी, लिफ्टवाला, चहाच्या खिडकीवरच्या मावशी, सत्तेतले, विरोधातले, झाडून सगळे त्यांना पेन्सिलबाईच म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. अंबाड्यात एक, कानावर एक आणि हातात एक अशा तीन पेन्सिली घेऊन फिरणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. तो म्हणे, "माझ्या गळ्यात टेप, हिच्या डोक्यात पेन्सिली. आमच्या घरात माणसं कमी आणि अवजारं जास्त."

बाईंचं काम म्हणजे सभागृहात जो शब्द उच्चारला जाईल तो जसाच्या तसा उतरवून घेणं. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या पायाशी एक अर्धगोल टेबल होतं. तिथं एका वेळी एक प्रतिवेदक बसायचा, पाच मिनिटं लघुलिपीत लिहायचा, आणि पुढच्यानं येऊन खांद्याला बोट लावलं की मुकाट उठून मागच्या खोलीत जायचा आणि आपली पाच मिनिटं टाइप करायचा. असे सहा जण दिवसभर आत-बाहेर करत. सदस्यांनी एकमेकांवर कागद फेकले, माइक उपटले, तरी टेबलाकडे कुणी बघायचं नाही आणि टेबलानं मान वर करायची नाही, असा तिथला रिवाज. प्रतिवेदक सभागृहात असतो, पण सभागृहाच्या लेखी तो नसतोच.

शब्दांबरोबर कंसही लिहायचे. (हशा), (टाळ्या), (गोंधळ). या कंसांत बाईंचा हातखंडा होता. साधा हशा कुठं संपतो आणि प्रचंड हशा कुठं सुरू होतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसे. एकदा एका मंत्र्यानं खोलीत येऊन कुरकुर केली होती, की माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या त्या कुठं गेल्या? बाई म्हणाल्या, "तुमच्या भाषणाला नाही पडल्या साहेब, ते संपलं म्हणून पडल्या. त्याला आमच्याकडे कंस नाही." मंत्री हसत हसत गेला आणि बाहेर जाऊन त्यानं हे स्वतःच चार जणांना सांगितलं.

अठ्ठावीस वर्षांत बाईंचा एक शब्द गळला नव्हता. त्यामागचं गुपित साधं होतं. त्या ऐकत नसत. म्हणजे कान ऐकत, पण ऐकलेलं डोक्यात शिरू न देता थेट बोटांत सोडायचं, ही विद्या त्यांनी कमावली होती. डोकं मध्ये आलं की माणूस विचार करतो आणि विचार केला की तीन शब्द मागे पडतो. त्यामुळे संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आज काय झालं गं सभागृहात?" की बाई म्हणत, "मला काय माहीत? मी तिथंच होते." बोटांना मात्र खोड लागली होती. दातांचा डॉक्टर कोणता दात काढायचा ते सांगत असला, तरी बाईंची तर्जनी खुर्चीच्या हातावर त्याचं बोलणं उतरवत असे.

या सभागृहात मागच्या बाकावर एक गुरांचे डॉक्टर होते. दोनदा निवडून आलेले, पण दहा वर्षांत दोनच शब्द बोललेले. पहिल्याच अधिवेशनात त्यांचं नाव पुकारलं गेलं, ते उठले, "अध्यक्ष महोदय," एवढं म्हणाले, ओठ दोन-तीनदा हलले, आणि ते खाली बसले. सभागृह खदाखदा हसलं होतं. ती फेरी बाईंची होती. कार्यवृत्तात नोंद झाली: अध्यक्ष महोदय... (सन्माननीय सदस्य खाली बसले.) त्यानंतर डॉक्टर कधी उठले नाहीत. बाकी माणूस कामाचा होता. समितीच्या बैठकीत टिपणं काढायचा, कुणाच्याही बाकापाशी जाऊन शेजारी बसायचा, चिठ्ठ्या लिहायचा. पण उभं राहायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कुलूप लागायचं, आणि त्याची किल्ली खुद्द त्यांच्याकडेही नव्हती.

आता मुदत संपत आली होती. डॉक्टर पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नव्हते. त्यांनी आपली औषधांची बॅग आधीच पुसून ठेवली होती म्हणे.

मुदतीचा शेवटचा दिवस निरोपाचा. त्या दिवशी प्रश्न नाहीत, ठराव नाहीत, घंटा नाही. जे परत येणार नाहीत त्यांना चार-चार मिनिटं, आणि त्यांच्या बोलण्यात कुणी आडवं यायचं नाही. पाच वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेले लोक त्या दिवशी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. जिन्यावर सगळ्यांचा मिळून फोटो निघे. संध्याकाळी पाचला सभागृह विसर्जित होई, आणि त्याआधी चारपर्यंत दिवसाच्या कार्यवृत्तावर अध्यक्षांची सही व्हावी लागे. त्यानंतर त्यात टिंबसुद्धा घालता येत नसे, कारण सही करायला अध्यक्षच उरत नसत.

त्या सकाळी डॉक्टरांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं. टाय एका बाजूला गेलेला, कपाळावर घाम.

"बाई, एक विनंती होती. आज मी बोलणार आहे."

बाईंना आनंद झाला आणि तो त्यांनी लपवला नाही. "अरे वा! बोला की डॉक्टर!"

"आप्पा आलेत. माझे वडील. वर गॅलरीत बसतील. त्यांना ऐकू येत नाही हो. छापखान्यात कंपोझिटर होते, यंत्रांनी कान खाल्ले. दर वर्षी कार्यवृत्ताचा ग्रंथ आमच्या वाचनालयात येतो, तो ते शेवटच्या सूचीपासून उघडतात. पहिल्या वर्षी माझ्या नावापुढे एक पान होतं, त्यानंतर तेही नाही. मग घरी येऊन विचारतात, तू तिथं नक्की जातोस ना?"

बाईंना हसू आलं आणि गलबलूनही आलं.

"ते ब्याऐंशीचे आहेत. ग्रंथ छापून यायला वर्ष जाईल. माझं पान टाइप झालं की लगेच एक प्रत मिळेल का? सही-शिक्क्याची. साधी दिली तर ते मानायचे नाहीत. छापलेलं आणि शिक्का असलेलं तेवढंच खरं, असा त्यांचा खाक्या. पाचच्या गाडीनं त्यांना परत जायचंय."

"दोन वाजता तुमच्या हातात देते," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बघू' हा शब्द कधी निघत नसे. एकतर होईल, नाहीतर होणार नाही.

साडेबाराला डॉक्टरांचं नाव पुकारलं तेव्हा योगायोगानं फेरी बाईंचीच होती. वर गॅलरीत पहिल्या रांगेत एक वाळका म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे वाकला होता. डॉक्टर उठले. समोरच्या माइकचं बटण त्यांनी जोरात दाबलं. आता, नाव पुकारलं की माइक आपोआप सुरू होतो आणि बटण दाबलं की बंद होतो, हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं. फक्त ज्यानं दहा वर्षांत माइकला हात लावला नव्हता त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे आवाज नुसताच आला, बारीक आणि कापरा. कुणीतरी माइककडे बोट दाखवणार होतं, पण शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. आधीच घाबरलेल्या माणसाला कशाला अडवा? सगळं सभागृह आपणहून गप्प झालं, पुढे झुकलं, आणि डॉक्टर बोलले. चांगली चार मिनिटं बोलले. काय बोलले ते पुढे येईलच. लोक हसले, परत हसले, मग एकदम शांत झाले, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी बाकं अशी वाजली की वरच्या दिव्यांचे लोलक किणकिणले. बाईंच्या खांद्याला बोट लागलं. पुढच्या फेरीचे भाऊसाहेब आले होते. बाई उठल्या आणि पदर सावरत खोलीत गेल्या.

खोलीत त्यांनी वही उघडली, यंत्रात कागद घातला आणि टाइप करायला सुरुवात केली. तीन ओळी झाल्या. पान उलटलं. कोरं. त्यांना वाटलं, दोन पानं एकदम उलटली असतील. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, वही झटकली. साडेतीन पानं कोरी होती. त्यानंतर पुन्हा भाऊसाहेबांच्या येण्याआधीची शेवटची ओळ: (प्रदीर्घ टाळ्या).

आपण लिहितोय अशीच त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. पेन्सिल हातात होती, डावा हात सवयीनं पानंही उलटत होता. फक्त ती चालत नव्हती. हे ज्याला घडलं त्यालाच कळेल. पोळपाटावर लाटणं फिरतंय असं वाटावं आणि पोळीच नसावी, तसं काहीतरी.

बाई धावत ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोराकडे... पोरगा कसला, पन्नाशीचा गृहस्थ, पण बाईंच्या लेखी सगळीच पोरं. त्यानं फीत मागे नेऊन वाजवली. अध्यक्षबाई डॉक्टरांचं नाव पुकारतात, टक् असा आवाज होतो, आणि मग चार मिनिटं निव्वळ शांतता.

"माइक बंद केला होता हो त्यांनी," तो म्हणाला. "आता काय लिहिणार?"

काय लिहायचं ते नियमात होतं. वहीत नाही आणि फितीवर नाही, तर आठवणीतून काही लिहायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. बाईंनीच तो पंधरा-वीस जणांना शिकवला होता. आठवण माणसाच्या सोयीनं चालते, पेन्सिल चालत नाही, असं त्या दटावून सांगत. अशा वेळी एकच कंस घालायचा: (सदस्यांचे भाषण ऐकू आले नाही.) आणि हे वाक्य, शिक्का मारून, त्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हातात द्यायचं. बाई खुर्चीत बसल्या आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना रडू आलं, तेही कामाच्या वेळेत.

भाऊसाहेब परत आले तेव्हा त्या डोळे पुसत होत्या. भाऊसाहेब म्हणजे वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून पाठदुखीची तक्रार करणारा माणूस. सगळं ऐकून ते पाठ विसरले. "अहो, डॉक्टरांनाच विचारा! ज्यानं भाषण केलं तो सांगेल की. सदस्याला स्वतःच्या शब्दांत दुरुस्ती करायचा हक्क आहे."

पण भाषणं संपून सभागृह उठेपर्यंत अडीच वाजले, आणि तेव्हा डॉक्टर जिन्यावर फोटोच्या गर्दीत होते. लोक त्यांना मिठ्या मारत होते. बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की चूक माझी आहे, मी लिहिलंच नाही.

डॉक्टरांनी कलंडलेला टाय सरळ केला. मग म्हणाले, "मला एक शब्द आठवत नाही हो बाई. माइकचं बटण दाबलं, तेवढं आठवतंय. घरी एक कागद लिहिला होता, पण उभा राहिलो तेव्हा तो खिशातच राहिला. वेगळंच काहीतरी बोलून गेलो." त्यांनी वर गॅलरीच्या दिशेनं पाहिलं. "राहू द्या. आप्पांना मी लिहून देईन काहीतरी."

"ते म्हणतील हे तू लिहिलंस. बोललास कुठं?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "तसंच म्हणतील."

मागे विरोधी पक्षनेते उभे होते. त्यांचा आवाज असा की ते कुजबुजले तरी पार्किंगमध्ये ऐकू जाई. "काय? भाषण लिहिलं नाही? अहो, मी आहे ना! मला अक्षरन् अक्षर पाठ आहे!" हे ऐकून बांधकाममंत्री वळले. "यांच्यावर विसंबू नका बाई. मी सांगतो." झालं. फोटोवाला पायरीवर ओरडत राहिला आणि पंधरा-वीस सदस्य फोटोची रांग मोडून प्रतिवेदकांच्या खोलीकडे निघाले. ज्या खोलीत एरवी यंत्रांच्या टकटकीशिवाय काही नसे, तिथं टेबलांवर, खिडकीत, कागदांच्या गठ्ठ्यांवर सत्ता आणि विरोध मांडीला मांडी लावून बसले. गलका ऐकून अध्यक्षबाईही आल्या. त्या स्वतः दारात उभ्या राहिल्या, कारण बसायला जागा नव्हती आणि इथं त्यांच्यासाठी उंच खुर्चीही नव्हती. घड्याळात पावणेतीन झाले होते.

"एकेकानं बोला," त्या म्हणाल्या. "आणि खरं बोला. आज शेवटचा दिवस आहे, जमेल."

विरोधी पक्षनेत्यांनी घसा साफ केला. "डॉक्टर म्हणाले, की विरोधी पक्षनेते जेव्हा टेबलावर हात आपटतात तेव्हा जनतेच्या वेदनेला वाचा फुटते."

"छे!" मंत्री म्हणाले. "असं काही म्हणाले नाहीत. माझ्याबद्दल मात्र म्हणाले, की बांधकाममंत्री उत्तर देण्याआधी शांतपणे विचार करतात."

"तुम्ही? विचार?"

"आरोग्याचीही काळजी घेतात, असंही म्हणाले."

एका बाईसदस्यांना आठवत होतं की डॉक्टरांनी त्यांच्या प्रश्नांचं कौतुक केलं. एका तरुण सदस्याला आठवत होतं की आपल्याला भावी नेता म्हटलं. जो तो आपल्या पोळीवर तूप ओढून घेत होता, आणि गंमत म्हणजे एकालाही आपण खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. दहा मिनिटांत डॉक्टरांचं भाषण इतकं गोड झालं की कुणीच कधी असं भाषण केलं नसेल. भाऊसाहेबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. डॉक्टर कोपऱ्यात स्टुलावर बसून, हे नक्की कोण बोललं असावं, अशा चेहऱ्यानं ऐकत होते.

"असं नव्हतं," पेन्सिलबाई म्हणाल्या.

आवाज बारीकच होता, पण खोली गप्प झाली. टेबल बोलल्यासारखं सगळ्यांना वाटलं असणार.

बाईंना स्वतःलाही ते आताच कळत होतं. हात थांबला होता म्हणूनच कानांतून आलेलं बोटांकडे गेलं नव्हतं. ते डोक्यात गेलं होतं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिथंच बसलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ऐकलेलं हे पहिलं भाषण. पण ते सांगायचं, तर त्यातली एक गोष्ट अध्यक्षांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल करावी लागणार होती. इथल्या कुणालाही ती आठवलेली दिसत नव्हती. ज्याला त्याला आपापला उल्लेख पुरला होता. ती गाळली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. क्षणभर बाईंच्या मनात ते आलंच. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून भाऊसाहेबांच्या हातात दिली.

"लिहून घ्या भाऊसाहेब. मी थांबणार नाही."

आणि त्या उभ्या राहून बोलू लागल्या.

"'अध्यक्ष महोदया, दहा वर्षांपूर्वी मी इथं उभा राहिलो, अध्यक्ष महोदय म्हणालो आणि खाली बसलो. आज त्यापुढचं बोलतो.'"

खोली हसली. भाऊसाहेबांनी कंस घातला. इथवर वहीत होतं. यापुढे कोरं पान.

"'त्या दिवशी तुम्ही सगळे हसला होतात. हसण्यासारखंच होतं. संध्याकाळी या टेबलावरच्या बाई माझ्याकडे कागद घेऊन सहीला आल्या. मी भीत भीत वाचलं. सन्माननीय सदस्य खाली बसले, एवढंच लिहिलं होतं. हशा लिहिला नव्हता. माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, ते फक्त छापलेलं वाचतात. त्यांनी ते पान वाचलं. त्यांचा आजही समज आहे, की त्यांचा मुलगा रुबाबात उठला, अध्यक्षांना मान दिला आणि रुबाबात बसला. बाई, मला तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.'"

बाई थांबल्या. थांबणार नाही म्हणाल्या होत्या तरी थांबल्या.

"त्या दिवसाचं नाव निघालं तिथंच माझी पेन्सिल थांबली," त्या म्हणाल्या. "आणि हे खरं आहे, अध्यक्षबाई. त्या दिवशी प्रचंड हशा झाला होता. मी मुद्दाम लिहिला नाही. नियमात ते बसत नाही."

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या साध्या सदस्य होत्या. "मीही हसले होते का?"

"तुम्ही सगळ्यात जास्त," बाई म्हणाल्या.

खिडकीतून कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "ते पान आहे तसंच राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढे सांगा. तीन वाजून गेलेत."

बाईंनी श्वास घेतला.

"'माझे रुग्ण बोलत नाहीत. गाय कुठं दुखतंय ते सांगत नाही. तिच्याशेजारी अर्धा तास गप्प उभं राहावं लागतं, मग कळतं. तसा मी दहा वर्षं तुमच्याशेजारी होतो. तुमचं प्रत्येकाचं कुठं दुखतं ते मला माहीत आहे. विरोधी पक्षनेते टेबल आपटतात तेव्हा ते चिडलेले नसतात, त्यांना भूक लागलेली असते. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी कधीही टेबल आपटलेलं नाही.'"

खोलीत हशाचा स्फोट झाला. विरोधी पक्षनेते लाल झाले आणि मग त्यांचंच हसू सगळ्यात मोठं निघालं. "हेच! हेच म्हणाले होते! मी विसरलो कसा?"

"'बांधकाममंत्र्यांना उत्तर माहीत नसलं की ते आधी पाणी पितात. दहा वर्षांत ते फार पाणी प्यायले.'"

मंत्र्यांच्या हातात त्या क्षणी पाण्याचा ग्लास होता. त्यांनी तो हळूच भाऊसाहेबांच्या टेबलाखाली ठेवला, आणि हे पाहून स्टुलावरचे डॉक्टरसुद्धा पोट धरून हसू लागले. आपल्याच भाषणाला ते पहिल्यांदा हसत होते.

"'लोक विचारतात, तुम्ही दहा वर्षांत काय केलंत? गुरांचे अकरा दवाखाने झाले. माझ्या तोंडून त्यावर एक शब्द गेला नाही. मी तुमच्याशेजारी येऊन बसलो, चिठ्ठी दिली, आणि तुम्ही ती आपली म्हणून वाचलीत, या बाजूनंही आणि त्या बाजूनंही. म्हणजे मी या सभागृहात पुष्कळ बोललो आहे. फक्त तुमच्या आवाजात.'"

आता कुणी हसत नव्हतं. खिडकीतले दोघे-तिघे खाली बघत होते. चिठ्ठ्या कुणाकुणाला मिळाल्या होत्या ते त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

"'उद्या सकाळी मला एका गाभण गाईकडे जायचं आहे. मी गेलो तरी मागच्या बाकावर कुणीतरी न बोलणारा असेलच. जाता-येता त्याच्याशेजारी जरा बसत जा. त्याला बोलायला लावू नका, नुसतं बसा. एवढंच. आता मी खाली बसतो. आज हसलात तरी चालेल.'" बाईंनी हात सोडले. "आणि मग टाळ्या. प्रदीर्घ."

त्या टाळ्या पुन्हा पडल्या, टेबलांवर, गठ्ठ्यांवर, लोखंडी कपाटावर, जिथं ज्याचा हात पोचला तिथं. अध्यक्षबाईंनी हात वर केला. "डॉक्टर, हे तुमचे शब्द आहेत?"

डॉक्टर उठून उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. "हो," ते म्हणाले. "अक्षरशः हेच. आता आठवलं."

"या खोलीत कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. बांधकाममंत्र्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. भाऊसाहेबांनी यंत्र ओढून टाइप करायला घेतलं, बाई शेजारी बसून एकेक ओळ तपासत राहिल्या. चारला पाच मिनिटं कमी असताना अध्यक्षबाईंनी उभ्या उभ्याच, कपाटावर कागद ठेवून सही केली आणि शिक्का स्वतः मारला. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "नियमाचं पुस्तक मलाही पाठ आहे, पेन्सिलबाई. पण त्यात चांगुलपणाला मनाई आहे, असं कुठं वाचल्याचं आठवत नाही." बाईंना हायसं वाटलं. इतकं, की त्यांना एकदम भूक लागली.

आप्पा खालच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, पायाशी पिशवी, मांडीवर काठी. दीड-दोन तास त्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. मुलगा आला आणि त्याच्यामागे एक बाई, आणि त्यांच्यामागे घोळका, हे बघून म्हातारा बिचकला. बाईंनी त्यांच्या हातात ती तीन पानं दिली. आप्पांनी आधी शिक्का पाहिला, अंगठ्यानं चाचपला. मग चष्मा काढून पुसला, लावला आणि जुन्या सवयीनं पहिल्या ओळीखाली बोट धरलं.

बोट सावकाश सरकू लागलं. सगळे उभे होते. पहिल्या कंसाशी बोट थांबलं आणि आप्पा हसले. सभागृह दुपारी साडेबाराला हसलं होतं, खोली तीनला हसली होती. आप्पा सव्वाचारला हसले, एकटेच, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही तसे. दुसऱ्या परिच्छेदावर ते बराच वेळ थांबले. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि बोट पुढे निघालं. विरोधी पक्षनेत्यांच्या भुकेवर त्यांचे खांदे हलले. पाण्याच्या ओळीवर त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

डॉक्टरांना राहवेना. ते वडिलांसमोर उकिडवे बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ ठळक हलवत विचारलं, "आप्पा, कसं झालं?"

आप्पांनी कागदावरचं बोट हलू दिलं नाही. दुसरा हात तेवढा वर केला.

"गप्प बस जरा," ते म्हणाले. "तू बोलतोयस."